विद्यार्थ्यांमधील तंत्रताण : सिंधुदुर्ग जिल्ह्याचा अनुभव

संगणक, भ्रमणध्वनी (मोबाइल), आंतरजाल इ. साधनांच्या दीर्घ व अखंड वापरामुळे, तसेच त्यांच्याशी जुळवून घेण्याच्या सक्तीमुळे व्यक्तीवर पडणाऱ्या मानसिक व शारीरिक भारास तंत्रताण असे म्हणतात. एकाग्रतेचा भंग, झोपेतील व्यत्यय, डोळ्यांवरील शीण, मान व पाठ यांची दुखणी, चिडचिड आणि काहीतरी हातून निसटून जाईल अशी सततची धास्ती ही त्याची सामान्य लक्षणे होत. विद्यापीठीय विद्यार्थ्यांमध्ये हा ताण विशेषत्वाने आढळतो. कारण अध्ययन, प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, मैत्री आणि करमणूक या सर्व गोष्टी त्यांच्या बाबतीत एकाच यंत्रात एकवटल्या आहेत. महानगरात या ताणाचा विचार बहुधा अतिवापराच्या अंगाने केला जातो. मालवणच्या किनारपट्टीवरील सिंधुदुर्ग जिल्ह्याचा इतिहास मात्र त्याची दुसरी बाजूही दाखवितो. यंत्राचा अतिवापर आणि ऐनवेळी त्याने न चालणे, या दोहोंचा भार तेथे एकाच विद्यार्थ्यावर पडत आला आहे.

संकल्पनेचा इतिहास : नव्या साधनांमुळे मन थकते, ही तक्रार संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकन वैद्य जॉर्ज बिअर्ड (१८३९–८३) याने १८६९ मध्ये मज्जातंतूंच्या दुबळेपणाचा एक विकार वर्णिला आणि १८८१ मधील आपल्या ग्रंथात त्याच्या कारणांमध्ये वाफेची शक्ती, तारायंत्र व नियतकालिके यांची गणना केली. पुढे हान्स सेल्ये (१९०७–८२) याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात निरनिराळ्या अपायकारक गोष्टींना शरीर एकाच प्रकारचा प्रतिसाद देते, असे प्रतिपादन केले. ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा तो पाया मानला जातो. संगणक कचेऱ्यांत आल्यानंतर क्रेग ब्रॉड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये तंत्रताणावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ही संज्ञा रूढ केली. नव्या यंत्राशी निरोगी रीतीने जुळवून घेता न आल्याने उद्भवणारा आधुनिक विकार, असा त्याच्या मांडणीचा आशय होता. २००७ च्या सुमारास मोनिदीपा तराफदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंत्रताणाची पाच कारणे मांडली : कामाचा वाढता बोजा, खासगी जीवनावरील आक्रमण, साधनांची गुंतागुंत, मागे पडण्याची असुरक्षितता आणि सततच्या बदलांमुळे येणारी अनिश्चितता. ही मांडणी नोकरदारांच्या संदर्भात झाली असली, तरी विद्यार्थ्यांनाही ती जवळजवळ तशीच लागू पडते.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी : रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. देवगड, मालवण व वेंगुर्ले हे त्याचे किनाऱ्यावरील तालुके असून सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, वैभववाडी व दोडामार्ग हे आतील तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ होती. म्हणजे दशकभरात ती घटली. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८५ टक्के होते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक होती. शिकलेला तरुण मुंबई-पुण्याला वा शेजारच्या गोव्यात जातो, ही जुनी रीत या आकड्यांमागे आहे. जांभ्या दगडाचे सडे, त्यांमधील खोल दऱ्या, खाड्या आणि दूरदूर विखुरलेल्या वाड्या अशी येथील वस्तीची ठेवण आहे. पाऊस मुसळधार असून पावसाळ्यात झाडे पडून विजेच्या तारा तुटणे हे नित्याचेच असते. दळणवळणाचे कोणतेही नवे साधन या भूमीवर उशिराने आणि तुटकपणे पोहोचले आहे.

या भागाचे दूरसंपर्काशी असलेले नाते प्रारंभापासून भावनिक राहिले आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत व गोदीत काम करणाऱ्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरवर येथील असंख्य घरे चालत. पत्र आठवड्याने येई, मनीऑर्डर महिन्याने येई. ‘तार’ मात्र बहुधा मृत्यूची वा गंभीर आजाराचीच असे, म्हणून तारवाला दारात दिसताच घरात रडारड सुरू होई. संदेश वाचण्यापूर्वीच त्याच्या साधनाने मन दचकणे, हा तंत्रताणाचाच एक पूर्वावतार म्हणावा लागेल. मात्र तारेचा प्रसंग वर्षा-दोन वर्षांतून एखादा. एरवी वाट पाहण्याचा काळ हा जगण्याच्या लयीचाच भाग होता. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत तारेची जागा खिशातल्या यंत्राने घेतली होती आणि दचकण्याचे प्रसंग दिवसातून अनेकदा येऊ लागले होते.

उच्च शिक्षण व संगणकाचा प्रवेश : जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) कक्षेत येतात. सावंतवाडी, मालवण, कणकवली, कुडाळ, वेंगुर्ले येथील महाविद्यालयांमुळे पदवीचे शिक्षण घराजवळ आले. परंतु विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मालवणपासून सुमारे पाचशे किमी. दूर राहिले. गुणपत्रिका, स्थलांतर प्रमाणपत्र, पुनर्मूल्यांकन अशा कामांसाठी मुंबईची वारी करावी लागे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर ही वारी सुसह्य झाली. नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९८९) नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाची वाट उपलब्ध केली. दूरस्थ शिक्षणाची कल्पना त्यामुळे जिल्ह्याला टाळेबंदीच्या बरीच आधी परिचित होती. तथापि त्या शिक्षणात पुस्तक विद्यार्थ्याच्या सवडीने उघडले जाई.

भारतात आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. बाजारपेठेच्या गावांत एसटीडी दूरध्वनी केंद्रांच्या जोडीला संगणकवर्ग व सायबर कॅफे दिसू लागले. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरतेला शासकीय नोकरीच्या पात्रतेचे रूप दिले. या टप्प्यात संगणक ही घराबाहेरची वस्तू होती. विद्यार्थी तासाचे पैसे मोजून तिच्याकडे जाई आणि काम आटोपून एस.टी.ने घरी परते. वापराला जागेची, वेळेची व पैशाची मर्यादा असल्याने अतिवापराचा प्रश्न तेव्हा उद्भवला नाही. संगणक येत नसल्याने मागे पडण्याची भीती एवढेच त्या ताणाचे रूप होते.

स्वस्त आंतरजाल व संगणकीय प्रशासन : सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि स्पर्धेमुळे आंतरजालाचे दर एकदम खाली आले. त्याच सुमारास शैक्षणिक प्रशासनही झपाट्याने संगणकावर गेले. शिष्यवृत्तीचे अर्ज २०१७ पासून ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावरून भरण्याची पद्धत सुरू झाली. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांसाठीची राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर होऊ लागली. गावातील मुलाला परीक्षेच्या विषयाबरोबर परीक्षेचे यंत्रही शिकणे भाग पडले.

या बदलाचा पहिला मोठा धक्का २०१७ मध्ये बसला. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या सतराएक लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच वेळी, सर्व विद्याशाखांसाठी स्वीकारली. उत्तरपत्रिकांचे चित्रण, त्यांचे वाटप व प्राध्यापकांचे प्रशिक्षण ही कामे वेळेत झाली नाहीत. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि अनेक निकाल कित्येक आठवडे लांबले. पदव्युत्तर प्रवेश, परदेशी शिक्षण व नोकऱ्या यांवर त्याचा परिणाम झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या प्रसंगात विद्यार्थी स्वतः यंत्राचा वापर करीतच नव्हता. दूरच्या एका यंत्रणेच्या गोंधळाचा तो बळी होता. तरीही निकालाचे पान दिवसातून अनेक वेळा उघडून पाहणे आणि खऱ्या-खोट्या वार्तांच्या लोंढ्यात आशा-निराशेचे हेलकावे खाणे हे सर्व त्याच्या वाट्याला आले. तंत्रताण वापराच्या तासांत मोजता येत नाही, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

टाळेबंदीचा काळ : कोविड-१९ या महासाथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि महाविद्यालये बंद पडून अध्यापन भ्रमणध्वनीवर आले. मुंबई-पुण्यात शिकणारी मुले गावी परतली. वर्षानुवर्षे कुलूपबंद असलेली घरे उघडली. पण त्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंतींआड व दरीतल्या वाड्यांत संपर्कलहरी पोहोचत नव्हत्या. ‘रेंज’ मिळते ती सड्यावरची एखादी जागा, रस्त्याचे वळण वा देवळामागचा उंचवटा हेच वर्ग बनले. कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीसाठी घरापासून दूर डोंगरावर झोपडी उभारण्यात आली आणि ऐन पावसाळ्यात तेथे बसून तिने वर्गांना हजेरी लावली, ही २०२० मधील वार्ता राज्यभर गाजली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु हजेरीसाठी डोंगर चढावा लागणे हे शिक्षणव्यवस्थेच्या उणिवेचेही निदर्शक होते, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याचे निर्देश दिले व २८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्यानुसार ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा मुख्यत्वे बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात आंतरजालावरून झाल्या. विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या परीक्षेत संगणकप्रणालीतील अडथळ्यामुळे व्यत्यय येऊन ती पुढे ढकलावी लागली. पेपर कठीण जाईल ही विद्यार्थ्याची भीती जुनीच होती. उत्तर दिल्यावर ते पोहोचेल की नाही, ही भीती नवी होती. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळाने देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनाऱ्याला तडाखा दिला. विजेचे खांब व झाडे उन्मळून पडली आणि अनेक गावांत वीज व दूरसंपर्क काही दिवस खंडित झाले. अध्यापन दूरस्थ पद्धतीने चालू असलेल्या त्या काळात वीज जाणे म्हणजे वर्ग, वेळापत्रक व सूचना या सर्वांशी संबंध तुटणे होते. छप्पर शाकारण्याची घाई आणि वर्ग बुडण्याची धास्ती ही दोन्ही एकाच घरात एकाच वेळी होती.

पुढे २०२२ च्या उन्हाळी परीक्षा पुन्हा लेखी स्वरूपात झाल्या, तेव्हा हाताने लिहिण्याचा सराव मोडल्याची दखल घेऊन राज्यातील विद्यापीठांनी दर तासाला १५ मिनिटे अधिक देण्याचे ठरविले. यंत्राची सवय लागणे आणि ती सुटणे, या दोन्ही वेळी जुळवून घेण्याचा भार विद्यार्थ्यावरच पडला.

ताणाचे स्वरूप : दूरस्थ वर्गांनी येणाऱ्या थकव्याची चिकित्सा स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये केली. समोरच्या चेहऱ्यांची अस्वाभाविक जवळीक, स्वतःचाच चेहरा सतत दिसत राहणे, एका जागी खिळून बसावे लागणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी पडणारा बौद्धिक भार अशी चार कारणे त्यांनी दिली. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर शिकणाऱ्यांच्या बाबतीत डोळ्यांचा शीण व मानेचे दुखणे यांची त्यांत भर पडते. रात्री उशिरापर्यंत उजळ पडद्याकडे पाहिल्याने झोप लागण्यास विलंब होतो. ज्या वाडीत लहरी रात्री उशिरा, वापर कमी झाल्यावरच मिळतात, तेथे पाठ उतरवून घेण्याचे कामही रात्रीवर ढकलले जाते आणि जागरण ही चैन न राहता गरज बनते.

कोकणात जागरण नवे नाही. जत्रेतील दशावतारी नाटक रात्रभर चालते आणि पहाटे संपते. परंतु ते जागरण सामुदायिक, ऋतुमानाशी बांधलेले आणि वर्षातून मोजक्या रात्रींचे असते. पडद्यापुढील जागरण एकट्याचे व रोजचे असते आणि त्याला शेवटचा अंक नसतो. इतरांच्या जीवनाशी तुलना करण्याची प्रवृत्तीही त्यातून बळावते. शहरातील समवयस्कांची शिकवण्या, स्पर्धा व नोकऱ्यांची छायाचित्रे गावातील विद्यार्थी रोज पाहतो. माध्यमिक शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या निकालात कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून सातत्याने राज्यात अग्रस्थानी राहिले आहे. त्या यशाने वाढलेल्या अपेक्षांचे ओझे पदवीच्या वर्गात पाऊल ठेवताना त्याच्याबरोबर असते.

घरातील यंत्रविषयक कामे विद्यार्थ्याकडे येणे, हा ग्रामीण तंत्रताणाचा एक विशेष होय. सातबारा उतारा, बँकेचे व्यवहार, शासकीय योजनांचे अर्ज आणि ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी ही कामे वडीलधाऱ्यांना अवघड वाटतात. ती शिकलेल्या मुलाकडे वा मुलीकडे सोपविली जातात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग या परिसरात अनेक कुटुंबे घरगुती निवासव्यवस्था चालवितात. तेथे पर्यटकांची चौकशी व आरक्षणही बहुधा भ्रमणध्वनीवर येते. अशा घरातील विद्यार्थ्याला अभ्यासासाठी यंत्र दूर ठेवणे परवडत नाही, कारण ते कुटुंबाच्या चरितार्थाचेही साधन असते. ‘फोन बाजूला ठेव’ हा उपदेश म्हणूनच त्याला अपुरा पडतो. याउलट, याच साधनांमुळे मुंबईच्या अनेक वाऱ्या टळल्या, दुर्मीळ ग्रंथ व व्याख्याने वाडीपर्यंत आली आणि घराबाहेर पडण्यावर बंधने असलेल्या मुलींना शिक्षणाचा मार्ग मिळाला, हेही लक्षात घेतले पाहिजे.

मतभेद : तंत्रज्ञानाच्या वापराने मानसिक स्वास्थ्य कितपत बिघडते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९८ मध्ये आंतरजालाच्या वापराबरोबर एकाकीपणा वाढलेला आढळला होता. मात्र त्याच गटाची काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली असता ते दुष्परिणाम बव्हंशी ओसरले होते. एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये मोठ्या प्रमाणावरील माहितीचे विश्लेषण करून किशोरवयीनांच्या स्वास्थ्यातील तफावतीपैकी फार तर ०·४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी निगडित असल्याचे दाखविले. जोनाथन हाइट यांनी २०२४ मधील ग्रंथात याच्या उलट, किशोरांच्या वाढत्या चिंताग्रस्ततेला स्मार्टफोनच मुख्यतः जबाबदार धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात खेळांच्या व्यसनाचा समावेश केला. तंत्रताणाला मात्र स्वतंत्र रोगाचे स्थान त्यात नाही. वापराच्या तासांवर केंद्रित असलेल्या या वादात वापराची सक्ती आणि साधनांची बेभरवशी उपलब्धता हे घटक मागे पडतात. सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यात नेमके तेच महत्त्वाचे ठरतात.

उपाय : वैयक्तिक पातळीवर ठरावीक वेळी यंत्र दूर ठेवणे, दर वीस मिनिटांनी दूरवर नजर टाकणे, झोपण्यापूर्वी पडदा न पाहणे, व्यायाम आणि प्रत्यक्ष सहवास हे उपाय सुचविले जातात. बंगलोर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने (निमहान्स) २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरावरील उपचारांसाठी खास चिकित्सालय सुरू केले. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीवरील समुपदेशनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी शिक्षणसंस्थांना बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत प्रशिक्षित समुपदेशकांच्या नेमणुकीचाही समावेश आहे.

तथापि व्यक्तीच्या संयमावर सर्व भिस्त ठेवून हा प्रश्न सुटणारा नाही. संपर्क तुटल्यास परीक्षेची दुसरी संधी, अर्जांच्या मुदतीत वादळ-पावसाचा विचार, छापील पाठ्यसामग्रीची जोड, रात्री-अपरात्री सूचना न पाठविण्याचा संकेत आणि नवी पद्धती लागू करण्यापूर्वी तिची लहान प्रमाणावर चाचणी या गोष्टी संस्थांच्या हाती आहेत. २०१७ चे निकाल, २०२० मधील सड्यावरचे वर्ग आणि २०२१ चे वादळ या तिन्ही प्रसंगांत यंत्रणेने गृहीत धरलेला विद्यार्थी वेगळा होता आणि प्रत्यक्षातील विद्यार्थी वेगळा होता. या दोहोंमधील अंतर जेवढे अधिक, तेवढा विद्यार्थ्यावरील ताण अधिक, असे जिल्ह्याच्या अनुभवावरून म्हणता येते.